जुनी हत्यारं घेताय? आधी पाच मिनिटं तपासा. भंगारातलं पोलाद ओळखण्याची सोपी माहिती

आठवडे बाजारात भाजीच्या ओळी संपल्या की कडेला एखाद्या गोणपाटावर जुनं लोखंड मांडलेलं असतं. पाने, पक्कडी, कुऱ्हाडी, पहारी, मोडके विळे, दांडा नसलेले हातोडे. बहुतेक लोक बघून पुढं जातात. पण त्याच ढिगात कधीकधी असा घण किंवा अशी पटाशी असते की नवीन घेतली तर पाचपट पैसे जातील आणि तेवढं चांगलं पोलाद मिळेलच याची खात्री नाही.

याची दुसरी बाजूही आहे. ओळख नसेल तर त्याच गोणपाटावर आपण फसतो. दोन वर्षांपूर्वी मी जुन्या पान्यांची अख्खी गोणी किलोवर घेतली. पाने एक नंबर होते. घरी येऊन ट्रॅक्टरला लावायला गेलो तर एकही बसेना. ते पाने जुन्या इंग्रजी मापाचे होते. चूक पान्याची नव्हती, माझी होती. त्यावरचे आकडे वाचता आले असते तर पैसे वाचले असते.

म्हणून ही माहिती एका जागी देतोय. आपल्या नाशिक जिल्ह्यात द्राक्ष, कांदा, मका काहीही पिकवा, हत्यारं सगळ्यांनाच लागतात. हे वाचून मोबाईलमध्ये जपून ठेवा आणि पुढच्या बाजाराला जाताना एकदा नजर टाका.

जुनी हत्यारं मिळतात कुठं?

आठवडे बाजार: सकाळी लवकर गेलं तर निवड मिळते, संध्याकाळी उशिरा गेलं तर भाव मिळतो. विकणाऱ्याला माल परत वाहून न्यायचा नसतो.

भंगारवाले: गावोगाव फिरणारा भंगारवाला हत्यार किलोवर घेतो. तालुक्याच्या गोदामात ते कापायच्या किंवा वितळवायच्या ढिगात जातं. तिथं ओळख ठेवली तर तो चांगली वस्तू बाजूला काढून ठेवतो.

बंद पडलेली दुकानं: जुने गॅरेज, वेल्डिंगचं दुकान, सुताराचा कारखाना बंद होतो तेव्हा पेटीच्या पेटी निघते. हा सगळ्यात चांगला माल. वापरणारा कसबी असतो, त्यामुळे हत्यार जपलेलं असतं.

मोठ्या शहरातले बाजार: पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईचा चोर बाजार सगळ्यांना माहीत आहे. पण नुसत्या हत्यारांसाठी भाडं खर्च करून जाऊ नका. दुसऱ्या कामाला गेलात तर चक्कर मारा.

आणि आपलंच घर: माळा, गोठा, विहिरीवरची जुनी इंजिनाची खोली. आजोबांच्या काळातली हत्यारं तिथं गंजत पडलेली असतात. बाजाराआधी तिथं बघा.

नाव-गाव कसं वाचायचं?

चांगल्या हत्यारावर बनवणाऱ्याचं नाव लोखंडात ठोकलेलं किंवा उठावदार असतं. गंजामुळे ते दिसत नाही. त्यासाठी सोपी युक्ती: जागा रॉकेलच्या फडक्यानं पुसा, वरून खडू किंवा चिमूटभर पीठ चोळा आणि मोबाईलची बॅटरी बाजूनं, आडवी धरा. अक्षरं उठून दिसतात. फोटो काढून मोठा करून वाचा. नाव कळलं की त्याच वस्तूची नवीन किंमत तिथंच मोबाईलवर बघता येते.

आपल्याकडं नेहमी दिसणारी काही नावं:

• टापरिया: पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर. कारखाना आपल्याच सातपूरला आहे, दुसरा गोव्यात. त्यामुळे जिल्ह्यात यांचा जुना माल भरपूर सापडतो.

• टाटा अ‍ॅग्रिको: फावडं, टिकाव, कुदळ, पहार. शेतीच्या अवजारांतलं जुनं, भरवशाचं नाव.

• जे. के.: कानशी. या कंपनीचे रत्नागिरी आणि चिपळूणला कारखाने आहेत.

• जालंधर, लुधियाना, नागौर: ही हत्यारं बनवणारी गावं आहेत. या शिक्क्यांचा माल उत्तमही असतो आणि अगदी हलकाही. नुसतं गाव बघून घेऊ नका, तपासून घ्या.

• शेफिल्ड: इंग्लंडमधलं पोलादाचं शहर. हे नाव असलेली पटाशी, करवत, रंध्याचं पातं दिसलं तर थांबा. त्यावर कधीकधी इंग्रजीत 'कास्ट स्टील' असं लिहिलेलं असतं. ते वाचून बरेच जण 'हे तर बीड आहे, फुटेल' म्हणून ठेवून देतात. तसं नाही. १७४० च्या दशकात शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समन यांनी मुशीत पोलाद वितळवायची पद्धत काढली. त्या पोलादाला तिकडं 'कास्ट स्टील' म्हणायचे. धारेच्या हत्यारावर हे शब्द म्हणजे चांगली खूण.

'ड्रॉप फोर्ज्ड' म्हणजे तापवून साच्यात ठोकून बनवलेलं. 'क्रोम व्हॅनेडियम' म्हणजे मिश्र पोलाद, पान्यांसाठी चांगलं. आयएसआय मार्क असेल तर सोबत मानकाचा क्रमांक आहे का बघा.

नकली मालापासून सावध. नावात एखादं अक्षर बदललेलं असतं, किंवा नाव नुसतं रंगानं छापलेलं असतं. शिक्का मदत करतो, पण शेवटचा शब्द पोलादाचा. आणि आपल्या गावच्या लोहारानं केलेल्या हत्यारावर कुठलाच शिक्का नसतो, तरी ते पहिल्या नंबरचं असू शकतं. ट्रकच्या कमानपट्ट्यापासून केलेला कोयता किंवा विळा वर्षानुवर्षं चालतो.

पान्यावरचे आकडे: इथंच सगळे फसतात

पान्यांची मापं तीन प्रकारची असतात.

१) मिलिमीटर: १०-११, १२-१३, १६-१७ असे साधे आकडे. आजची मोटरसायकल, मोटारपंप आणि बरीच नवीन अवजारं यावर चालतात.

२) इंच, ए.एफ.: आकडा ७/१६, १/२, ९/१६ असा अपूर्णांकात. हा आकडा म्हणजे नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर. जुन्या मॅसी फर्ग्युसनसारख्या ट्रॅक्टरांवर हे नट असतात.

३) इंच, डब्ल्यू: म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरनं १८४१ साली आट्यांचं हे माप ठरवलं. इथं आकडा नटाचा नसतो, बोल्टाच्या जाडीचा असतो. म्हणून पाना आकड्यापेक्षा खूप मोठा निघतो. विहिरीवरच्या बऱ्याच जुन्या ऑइल इंजिनांना हेच नट आहेत.

आता फरक बघा. '१/२ ए.एफ.' पाना १२.७ मिमीचा आणि '१/२ डब्ल्यू' पाना साधारण २३.४ मिमीचा. आकडा एकच, पाना जवळपास दुप्पट!

लक्षात ठेवायची मापं:

• डब्ल्यू १/४ = १३.३ मिमी; ५/१६ = १५.२; ३/८ = १८; ७/१६ = २०.८; १/२ = २३.४

• ए.एफ. ७/१६ = ११.१ मिमी; १/२ = १२.७; ९/१६ = १४.३; ५/८ = १५.९; ११/१६ = १७.५; ३/४ = १९

ए.एफ.मधला ७/१६ चा पाना ११ च्या नटाला आणि ३/४ चा १९ च्या नटाला चालून जातो. बाकीचे ओढूनताणून बसवू नका. नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी लावायची वेळ येते.

घरी जुनं इंजिन असेल तर डब्ल्यूचे पाने मिळतील तिथं घ्या. नवीन सहज मिळत नाहीत. इंजिन नसेल तर कितीही स्वस्त असले तरी सोडा. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून ती मापं टप्प्याटप्प्यानं लागू झाली. त्यामुळे जुन्या पेटीत इंची माल जास्त निघतो, हे ध्यानात ठेवा.

पान्याचं तोंडही बघा. जबडा फाकलेला, कोपरे झिजलेले किंवा वेल्डिंगचा डाग असेल तर तो पाना भंगारातच राहू द्या.

पोलाद की कच्चं लोखंड?

लोहचुंबक लावून काही कळत नाही. ते दोन्हीला चिकटतं. यासाठी खिशात एक छोटी जुनी कानस ठेवा.

कानशीची परीक्षा: धारेजवळ हळूच एकदा कानस ओढा. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी कडक आहे. थोडी चावली तर मध्यम. लोण्यासारखी चावली आणि भुसा निघाला तर ते कच्चं आहे किंवा पाणी गेलेलं आहे. प्रत्येक हत्याराला कडकपणा वेगळा हवा. पटाशीला जास्त, कुऱ्हाडीला मध्यम. कुऱ्हाड फार कडक असेल तर तिची धार तुटते.

आवाज: हत्यार दोरीला किंवा बोटावर टांगून दुसऱ्या लोखंडानं टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर बरं. फुटक्या मडक्यासारखा आला तर कुठंतरी चीर आहे.

ठिणगी: ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडं ग्राइंडरला क्षणभर लावून बघा. भरपूर फुलणाऱ्या, चांदण्यांसारख्या ठिणग्या म्हणजे पोलाद. लांब, सरळ आणि कमी फुलणाऱ्या म्हणजे कच्चं लोखंड. आखूड, लालसर म्हणजे बीड.

रंग: धारेवर निळा-जांभळा डाग असेल तर कुणीतरी ग्राइंडरवर तापवून पाणी उतरवलंय. आपल्याकडं दांडा काढायला अख्खी कुऱ्हाडच चुलीत घालतात. तिथंच तिचं पाणी जातं. अशी कुऱ्हाड लोहाराकडून परत पाणी देऊन चालते, पण तो खर्च भावातून वजा करा.

एकेक हत्यार काय बघून घ्यायचं

कुऱ्हाड: नेढ्याला चीर नको. गावठी कुऱ्हाडीत अंग लोखंडाचं आणि तोंडाला पोलाद जोडलेलं असतं. घासून घासून तोंड आखूड झालं असेल तर पोलाद संपलेलं असू शकतं. धारेपासून मागं मागं कानस लावत जा. किती पोलाद उरलंय ते कळतं.

घण, हातोडा, छिन्नी: तोंडाच्या कडा भूछत्रासारख्या फुललेल्या असतील तर सावधान. आमच्या शेजारच्या शेतात विहिरीचा दगड फोडताना अशाच फुललेल्या छिन्नीचा तुकडा उडाला आणि एकाच्या भुवईत घुसला. बोटभर खाली असता तर डोळा गेला असता. छिन्नी बाजारातून मीच आणून दिली होती, ३० रुपयांना. तेव्हापासून फुललेली कड ग्राइंडरनं उतरवल्याशिवाय मी कुणाच्या हातात छिन्नी देत नाही. काम करताना चष्मा लावा. हातोड्याच्या तोंडावर हातोडा कधीच मारू नका.

पहार: वाकडी असली तरी चालते, लोहार सरळ करतो. टोक बोथट असेल तर ओढून देतो. मध्ये चीर मात्र नको. जुन्या मालात कमी धोक्याची खरेदी हीच.

टिकाव, कुदळ, फावडं: नेढं फाकलेलं आहे का बघा. फावड्याचं पातं अंगठ्यानं दाबा. पत्र्यासारखं लवत असेल तर झिजून गेलंय.

करवत: पातं डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघा. हलकं वाकवून सोडलं की ते सरळ झालं पाहिजे. दातांची टोकं काळी-निळी दिसली तर ती करवत कारखान्यात दात कडक केलेली आहे. कानशीनं तिला धार लागत नाही. बोथट झाली असेल तर फुकट मिळाली तरी नको.

पटाशी, रंधा: पात्याची सपाट, मागची बाजू बघा. तिथं गंजाचे खोल खड्डे असतील तर धार नीट येत नाही. लोखंडी रंध्याचं अंग बिडाचं असतं. तोंडाजवळ बारीक चीर आहे का ते नखानं चाचपून बघा.

पक्कड: मिटून उजेडासमोर धरा. कापायच्या जागेतून उजेड दिसला तर तार तुटणार नाही. मुठीवरच्या जुन्या रबरावर विश्वास ठेवून मोटारीच्या पेटीत हात घालू नका. रबर चांगलं दिसलं तरी आतून तडकलेलं असू शकतं. आधी लाईट बंद, मगच काम.

पाईप पाना: दात झिजलेत का, दांडा वाकलाय का, वेल्डिंग केलंय का ते बघा. बोअरमधली मोटार काढताना हाच पाना निसटला तर पाईप खाली जातो.

छाटणीची कात्री: द्राक्षवाल्यांसाठी ही कामाची गोष्ट. मधल्या बोल्टाला खेळ नको. खेळ असेल तर तो आवळून जातो का बघा. पातं घासून अर्धं राहिलं असेल तर सोडा. एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीच्या तोंडावर भाव चढतो, आधी घ्या.

व्हाइस: दांडा फिरवून जबडा पूर्ण उघडा आणि मिटा. आटे गेलेले असतील तर तो मध्येच झटका देतो. बिडाच्या अंगाला वेल्डिंग असेल तर घेऊ नका.

जुनं अजिबात घेऊ नये असं: चेन पुली, जॅक, वजन उचलायचे हूक आणि दोर. यांची चीर डोळ्याला दिसत नाही आणि खाली माणूस उभा असतो. इथं पैसे वाचवू नका.

भाव कसा करायचा?

विकणारा विचारतो, "भाऊ, किलोवर घेता का नगावर?" गंजलेल्या, बिनदांड्याच्या जड वस्तू किलोवर परवडतात. पाने, पटाशी, पक्कड असा हलका माल नगावर.

माझा हिशेब साधा आहे. नवीन किंमत मोबाईलवर बघायची. जुन्याची किंमत, अधिक दांडा, अधिक लोहाराची मजुरी, हे सगळं मिळून नवीनच्या निम्म्याच्या आत बसलं पाहिजे. नाही बसलं तर नवीनच घ्या, निदान बिल तरी मिळतं. आवडलेली एकच वस्तू हातात धरून भाव विचारू नका. चार वस्तू उचला, मग बोला. पण विकणारी एखादी म्हातारी मावशी असेल आणि तिला मालाची किंमत माहीत नसेल, तर दोन पैसे जास्त द्या. तिचंही पोट त्यावरच आहे.

चोरीचा माल नको

गावात मोटारी, केबल, हत्यारं चोरीला जातात आणि ती कुठंतरी विकली जातातच. नवीकोरी वस्तू भंगाराच्या भावात, खरवडलेलं नाव, घाईत असलेला अनोळखी पोरगा, अशी चिन्हं दिसली तर हात लावू नका. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला सबळ कारण असूनही अप्रामाणिकपणे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुकानातून घेतलं तर साधी का होईना पावती मागा. बाजारात घेतलं तर तिथंच वस्तूचा फोटो काढून ठेवा, तारीख आपोआप नोंदली जाते.

आपल्या हत्यारांवरही नाव कोरून ठेवा. चोरी झाली तर ओळख पटवता येते.

घरी आणल्यावर

गंज काढायला रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. घाई नसेल तर चिंचेचं पाणी. सकाळी तारेच्या ब्रशनं घासा, सोड्याच्या पाण्यानं धुवा, लगेच कोरडं करून तेल लावा. चकचकीत मुलामा असलेल्या पान्यांना हे करू नका, त्यांना डिझेलचं फडकं पुरे.

धार लावताना ग्राइंडरवर सारखं पाण्यात बुडवत राहा. हाताला चटका बसण्याइतकं तापू देऊ नका.

दांड्याला बाभूळ किंवा धावडा चांगला. लाकूड वाळलेलं हवं, ओलं घातलं तर महिन्यात सैल होतं. पाचर मारल्याशिवाय घण उचलू नका.

थोडक्यात

बाजाराला जाताना खिशात कानस, खडू, फडकं आणि छोटी पट्टी. वस्तू हातात आली की क्रमानं: चीर, आवाज, कानस, शिक्का, माप, भाव. पाच मिनिटं लागतात.

आणि शेवटची गोष्ट. ही ओळख घेण्यापेक्षा विकताना जास्त कामाची आहे. दिवाळीच्या साफसफाईत आपण माळा झाडतो आणि दारात आलेल्या भंगारवाल्याला सगळं लोखंड एकाच काट्यावर घालून देतो. आमच्या घरून वडिलांची सुतारकामाची पेटी अशीच गेली. मी शेतात होतो. संध्याकाळी कळलं तेव्हा माल गोदामात पोचला होता. दुसऱ्या दिवशी जाऊन ढिगातून दोन पटाश्या मिळाल्या, बाकीचं गेलं. त्या दोन्ही आजही माझ्याकडं आहेत, आणि त्यांची धार महिनाभर उतरत नाही. काट्यावर घालायच्या आधी एकदा कानस लावून बघा.